दिव्याचा आराम

सकाळी नऊच्या ठोक्याला वहिनीनं मशीनच्या कडेचं छोटं मीटर पाहिलं. नऊशे शहाण्णव! म्हणजे राहिले चार तास. अहो, चार तास म्हणजे काय? लोक कचेरीत एका सहीसाठी याहून जास्त वेळ बसतात. पण वहिनीचं सगळं घोडं त्या चार तासांपाशी अडलं होतं, आणि हे अख्ख्या छापखान्याला ठाऊक होतं. कटिंगवाले येता-जाता मान वाकडी करून मीटर बघत होते. पॅकिंगच्या बायका पाणी प्यायच्या निमित्तानं तिसऱ्यांदा इकडून गेल्या. एवढी तहान त्यांना भर उन्हाळ्यातही लागत नाही.

हे मीटर तासांचं. मशीनच्या पोटातला दिवा जितका वेळ जळतो तितके तास त्यावर चढतात. आणि दिवा म्हणजे तुमच्या-आमच्या घरातला बल्ब नव्हे हं! हातभर लांब काचेची नळी, आत ना तार ना वात, नुसता थेंबभर पारा आणि वायू. वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उडी मारते, पाऱ्याची वाफ होते आणि ती वाफच उजळून निघते. त्या उजेडाखालून लेबलांची पट्टी गेली की ओली शाई पापणी लवायच्या आत खडखडीत वाळते. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, डोळे जातील. असा तो कडक स्वभावाचा दिवा.

वहिनी मूळची पॅकिंगची. बाइंडिंगमधल्या एका पोराची ती सख्खी वहिनी, म्हणून सगळ्या छापखान्याचीच वहिनी झाली. मालकीणबाई वयानं बारा वर्षांनी मोठ्या, त्यासुद्धा तिला वहिनीच म्हणायच्या. नऊ वर्षं तिनं खोकी चिकटवली. मग लेबलांचं हे मशीन आलं, तेव्हा हात धुऊन बाईंच्या मागे लागली आणि ते शिकली. शाई, वेग, ताण, सगळं तिच्या बोटांत बसलं. एकच गोष्ट बसेना. दिवे टिकेनात. पहिला तीनशे ऐंशी तासांत गेला, दुसरा तीनशे चाळीस, तिसरा कसाबसा चारशे दहा. डब्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं, हजार तास!

"काय दिवे लावलेस वहिनी!" असं कुणी म्हटलं की इतर ठिकाणी ती थट्टा असते. इथं ती सरळसरळ तक्रार होती.

तिसऱ्या दिव्यानंतर मालकीणबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "वहिनी, आता हा चौथा. मला हजार तास हवेत, आणि त्या तासांत लेबल चोख हवं. झाले तर मशीन राहील आणि मशीनवर तू राहशील. नाही झाले तर मशीन भंगारात आणि तू परत खोक्यांवर. लेबलं मी बाहेरून छापून आणीन."

बाई वाईट नव्हत्या. पण त्यांचं बोलणं म्हणजे कात्रीनं कापल्यासारखं, कडेला धागा म्हणून लोंबायचा नाही.

त्या दिवशी घरी वहिनी भांडी अशी आपटत होती की सासरेबुवांनी रेडिओ बंद केला. सासरेबुवा म्हणजे चाळीस वर्षं रस्त्यावरचे दिवे बदललेला माणूस. शिडीवर चढून चढून त्यांचे गुडघे गेले, पण दिव्यांबद्दल तोंड उघडलं की ते अजूनही शिडीवरच असायचे.

"सूनबाई, तुमच्याकडे तो दिवा दिवसातून किती वेळा विझवतात?"

"चार वेळा, बाबा. दोन चहा, एक जेवण आणि संध्याकाळी. दमानंकाका स्वतः बंद करतात. म्हणतात, तापलाय बिचारा, जरा आराम दे."

दमानंकाका म्हणजे फोरमन. खरं नाव कुणाला आठवत नाही. 'दमानं घ्या, दमानं' हे वाक्य ते दिवसातून शंभरदा म्हणायचे, तेच नाव पडलं. मशीनवर जीव असलेला माणूस. नटबोल्टसुद्धा कुरवाळून पिळायचा.

सासरेबुवा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "आराम! अरे, आराम कसला? पेटणं म्हणजे त्याचं बाळंतपण असतं! दर पेटण्याला टोकांचा जीव थोडा थोडा झिजतो. तुम्ही त्याला दिवसातून चारदा बाळंत करता आणि वर विचारता, हा लवकर का म्हातारा झाला?"

"अहो, सुनेशी काय बोलताय!" सासूबाई आतून ओरडल्या.

"दिव्याबद्दल बोलतोय गं!" सासरेबुवा तसेच पुढे. "आणि बंद केल्यावर त्याला वारा घालणारा ब्लोअर?"

"तोही बंद करतात. वीज वाचते."

"वाचते! दिवा विझला म्हणजे ताप गेला असं नाही. आतला ताप मग टोकांत शिरतो, आणि टोकं म्हणजे त्याचं नाजूक दुखणं. मधली नळी लालबुंद झाली तरी सोसते, टोकं नाही सोसत. आणि चहा पिऊन आलात की लगेच बटण दाबता?"

"पेटतच नाही आधी. मग काका दाबत राहतात. पाचदा, सहादा."

सासरेबुवांनी कपाळावर हात मारला. "गरम असताना तो पेटत नाही, पोरी! आत वाफ दाटलेली असते, विजेला उडी मारता येत नाही. दर दाबण्याला टोकांवर नुसते घाव बसतात. माझ्या रस्त्यावरचे दिवेसुद्धा वीज गेली की गार होईपर्यंत रुसून बसायचे, आणि लोक मला शिव्या द्यायचे."

वहिनीच्या हातातलं ताट हातातच राहिलं. तीन दिवे! तीन चांगले दिवे आपण सगळ्यांनी मिळून, दया करून करून मारले! तिला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी चौथा दिवा बसला. वहिनीनं तो हातमोजे घालूनच धरला, कारण उघड्या बोटाचा डागसुद्धा त्या काचेत तापून भाजून बसतो. आणि सकाळच्या चहाला दमानंकाकांचा हात बटणाकडे गेला तशी ती मध्ये उभी राहिली.

"काका, नाही. चहाला बंद नाही करायचा. उजेड अडवायला खालची झडप लावायची, ताकद निम्मी करायची आणि जळू द्यायचा."

"वेडी झालीस? फुकट जळेल! दमानं घे, जरा आराम मिळू दे त्याला."

"आरामानंच मेले ना तिघं!"

झालं! सगळ्या छापखान्यासमोर फोरमनला उलट उत्तर. काका लाल झाले. "तीस वर्षं मशीनं हाताळली मी. कालची पोर मला शिकवते? हजार सोड, हा पाचशेच्या वर गेला तर मी या मशीनला रोज सकाळी नमस्कार करीन!"

बरोबर पाचशेएकाव्या तासाच्या सकाळी काका आले, इकडेतिकडे पाहिलं आणि मशीनला पाठमोरे उभे राहून घाईघाईत हात जोडले. पॅकिंगमधून जी शिट्टी वाजली!

सहाशे बाविसाव्या तासाला तर वहिनीची परीक्षाच झाली. वीज क्षणभर लवली आणि दिवा गेला. माल घ्यायला गाडी दारात. मालकीणबाई धावत आल्या, "दाब ना बटण! बघत काय बसलीस?" वहिनी बटणासमोर हात आडवे करून उभी. "बाई, बारा मिनिटं. ब्लोअर चालू आहे, गार होऊ द्या." बारा मिनिटं ती तशीच उभी होती. बाई घड्याळ बघत होत्या, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, आणि वहिनीच्या पाठीवरून घाम चालला होता. मग एकदाच बटण दाबलं. एकदाच! जांभळट झाक आली, पेटतानाचा तो नेहमीचा तिखट वास आला आणि दिवा हळूहळू भरत गेला. वहिनीचा जीव भांड्यात पडला. बाई केबिनमध्ये गेल्या, पण दार नेहमीसारखं आपटलं नाही.

तर अशी चार महिन्यांची ही चढण, आणि आज शेवटचे चार तास.

आज गुरुवार. गुरुवारी कागदाची कात्रणं न्यायला भंगारवाला यायचा. आज तो दोर आणि दोन माणसं जास्तीची घेऊन आला होता, कारण बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, कदाचित एक मशीनही असेल. तो दारातच खोक्यावर बसला आणि मशीनकडे असा बघायला लागला की वहिनीला वाटलं, जाऊन त्याचं तोंड दुसरीकडे फिरवावं.

शाम्पूच्या बाटल्यांची हिरवी लेबलं चालू होती. दर पाव तासाला वहिनी एक लेबल काढायची, नखानं खरवडायची, वर चिकटपट्टी लावून खस्सकन ओढायची. शाई हलायची नाही. नऊशे सत्त्याण्णव झाले. पावणेअकराला चहा झाला. झडप, निम्मी ताकद, सगळं चोख करून ती पाच मिनिटांत परतली. मशीन पुन्हा वेगात आलं. सव्वाअकराला तिनं लेबल काढलं, नख ओढलं.

नखाखाली हिरवं आलं.

तिनं दुसरं लेबल घेतलं. हिरवं. तिसरं. चिकटपट्टी ओढली तर लेबलावरचं अख्खं फूल तिच्यावर! वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. शाई तीच, पट्टी तीच, वेग तोच. म्हणजे दिवा. डोळे मिटायच्या आधी दिव्यांची नजर मंदावते, हे तिला सासरेबुवांनी सांगितलं होतं. जळतोय म्हणजे काम करतोय असं नाही. संपला वाटतं. दोन तास उरलेले असताना संपला!

आता ऐका, इथं एक सोपी वाट होती. वेग निम्मा करायचा. पट्टी दिव्याखालून सावकाश गेली की मंद दिवाही शाई वाळवतो. दोन तास तेवढं रेटलं असतं तर मीटरवर हजार आले असते आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. वहिनीचा हात वेगाच्या चाकावर गेलासुद्धा. खोटं कशाला बोलू, गेला. पण मग तिला स्वतःचाच राग आला. चार महिने दमानंकाकांशी, बाईंशी, सगळ्यांशी नाकावर टिच्चून भांडले ते खरं आहे म्हणून ना? मग शेवटी असा खोटा हजार काय चाटायचाय?

तिनं पट्टी थांबवली. सव्वाअकरापर्यंतचं खराब झालेलं भेंडोळं कापून बाजूला टाकलं आणि सरळ केबिनमध्ये गेली.

"बाई, लेबल ओलं येतंय. थांबवलंय मी."

"किती झाले?"

"नऊशे अठ्ठ्याण्णव आणि वर थोडे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. वहिनीला वाटलं होतं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत, त्यांचं तोंड उतरलं, आणि ते वहिनीला जास्त लागलं. "चल, बघू," त्या म्हणाल्या.

मशीनभोवती गर्दी जमली. भंगारवाला आपण होऊन पुढे आला आणि मशीनच्या पायाची उंची वितीनं मोजायला लागला. दमानंकाकांना आज बोलायची पर्वणी होती. पण ते लेबल हातात घेऊन नखानं खरवडत राहिले आणि पुटपुटले, "असं कसं? असं व्हायला नको होतं."

वहिनीला रडू येत होतं. इतक्या लोकांत रडायचं नाही म्हणून ती मशीनच्या बाजूला वळली आणि आधाराला वरच्या नळकांड्यावर हात टेकला. दिव्याची गरम हवा बाहेर नेणारं नळकांडं ते. हात टेकला आणि टेकलेलाच राहिला.

हात भाजला नाही!

रोज त्या नळकांड्याला चुकून बोट लागलं तरी आई गं म्हणून ओरडायला व्हायचं. आज ते कोमट होतं. वहिनीनं दचकून पॅनेलकडे पाहिलं. दिव्याच्या व्होल्टचा काटा रोजच्या खुणेच्या बराच खाली. तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. म्हातारा दिवा मंद होतो, पण थंड कशाला पडेल?

"थांबा! सगळे थांबा!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की भंगारवाल्यानं मोजायचं सोडलं. "हा संपला नाहीये! हा गारठलाय!"

ती धावतच मशीनच्या मागे गेली. मागची जागा भिंतीला लागून, सहसा कुणी जात नाही. आणि तिथं, ब्लोअरच्या तोंडासमोर, पॅकिंगचा उंच उभा पंखा! पूर्ण वेगात! हवा गाळणारी जाळी काढून बाजूला ठेवलेली, तीही स्वच्छ पुसून.

"हा पंखा कुणी लावला?"

गर्दीतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मी," दमानंकाका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तू चहाला गेलीस तेव्हा. म्हटलं, शेवटचे दोन तास राहिलेत. दगा देऊ नये त्यानं. जरा वारा घालावा."

"काका, तुम्ही तर म्हणत होतात..."

"म्हणत होतो ते म्हणत होतो!" काका खेकसले. "हजार व्हावेत असं मला वाटू नये का?"

वहिनीनं पंख्याकडे पाहिलं, मग काकांकडे. चार महिने ज्याच्याशी भांडलो तो माणूस आपल्याच बाजूचा निघाला, आणि बाजूचा निघाला तोही असा, की करायला गेला एक आणि झालं भलतंच! तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अहो काका, तापू द्यायचं त्याला! टोकं गार हवीत, पण पोट तापलेलंच हवं! पोट गारठलं की पारा काचेला चिकटून बसतो, मग उजेड कसला देतोय तो? तुम्ही आधी आरामानं मारत होतात, आता लाडानं मारताय!"

पंखा बंद झाला. काकांनी स्वतः जाळी लावली, चारही स्क्रू नीट पिळले. वहिनी पॅनेलसमोर उभी. काटा हलेना. मग हलला. एक रेघ. दोन. कुणीतरी मोठ्यानं मोजायला लागलं आणि मग पॅकिंगच्या सगळ्या बायका मोजायला लागल्या. सहाव्या मिनिटाला काटा रोजच्या खुणेवर जाऊन बसला आणि वहिनीनं पट्टी सोडली. पूर्ण वेगात! वेगाच्या चाकाला तिनं हातही लावला नाही.

पहिलं लेबल तिनं मालकीणबाईंच्या हातात दिलं. बाईंची नखं लांब, लाल रंगवलेली. त्यांनी दात-ओठ खाऊन नख ओढलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. लेबलावर लाल रेघ उमटली होती.

"हे काय?" बाई घाबरल्या.

"बाई, तुमचा रंग निघाला," वहिनी म्हणाली. "आमचा नाही!"

जी हसाहस झाली म्हणता! भंगारवाला सगळ्यात मोठ्यानं हसला, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

पण हजार व्हायचे होते. एकच्या सुमारास कुणी जेवायला जाईना. बाईंनी एकदा "कामं नाहीत का तुम्हाला?" असं म्हणून पाहिलं आणि स्वतःच स्टूल ओढून बसल्या. दमानंकाका लेबलं खरवडायला बसले होते, दर मिनिटाला एक, आणि दर वेळी "पक्कं!" म्हणून ओरडत होते. भंगारवाल्याची दोन माणसं दोर गळ्यात अडकवून मीटरसमोर उभी. नऊशे नव्व्याण्णवच्या पुढचं बारीक चाक सरकत होतं, सरकत होतं, इतकं हळू की वहिनीला वाटलं, आता हे हातानं फिरवावं. हे मशीन गेलं असतं तर आपण उद्या सकाळी कुठे उभ्या असतो, हे तिला तेव्हा इतकं स्पष्ट दिसलं की तिनं मशीनची कड घट्ट धरली.

चाक फिरलं. सगळे नऊ एकदम उलटले. एक हजार!

काय आरडाओरडा झाला! बाइंडिंगमधला दीर टेबलावर चढून नाचला. काकांनी "पक्कं! पक्कं!" म्हणत वहिनीच्या पाठीत अशी थाप मारली की ती खोकायला लागली. बाई उठल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढ्या गोंधळात भंगारवाला पुढे आला. त्याला धंदा विसरून कसं चालेल?

"मग बाई, मशीनचं काय? नेऊ की नको?"

"मला काय विचारतोस?" मालकीणबाई म्हणाल्या. "तिला विचार."

दिव्याखालून हिरवी पट्टी सळसळत चालली होती. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं.

"दोर गुंडाळा, भाऊ," ती म्हणाली. "हे मशीन चालू आहे. आणि ते मी चालवते."